ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि रूफ रेल: रंगाआधीची घासणी आणि अस्तर

रूफ रेलवरचा किंवा खिडकीखालच्या पट्टीवरचा रंग वर्षभरात सुटला असेल, तर सुटलेला पोपडा फेकू नका. उलटा करून बघा. मागची बाजू गुळगुळीत आणि खालचा धातू चकचकीत असेल, तर रंगाने धातूला धरलंच नव्हतं. मागे पांढरी पूड चिकटून आली असेल, तर रंगाखाली ॲल्युमिनियम सडत होतं. आणि पोपडा प्रायमरच्या थरातच फाटून निम्मा प्रायमर पट्टीवर राहिला असेल, तर प्रायमर कडक करायला त्यात मिसळायच्या हार्डनरचं माप चुकलं किंवा थर वाळायच्या आत पुढचा हात मारला गेला. तिन्ही चुका वरच्या रंगाच्या आधीच्या आहेत. महागडा रंग आणून त्यातली एकही भरून निघत नाही.

लोखंडी पत्र्याची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. ॲल्युमिनियम घासून उघडं पडलं, की हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो. तो धातूला घट्ट धरून बसतो, म्हणून तर ॲल्युमिनियम टिकतं. पण दमट हवेत तसंच ठेवलं, तर त्यावर पाणी धरलेला मऊ, कमकुवत थर वाढत जातो. रंग त्या थरावर बसतो आणि त्याच्यासकट सुटतो. म्हणून शेवटची घासणी आणि पहिला प्रायमर यांच्यामध्ये एक तासापेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. संध्याकाळी घासून ठेवलं आणि सकाळी प्रायमर मारला, हे ॲल्युमिनियमला चालत नाही. घासणी पुन्हा करावी लागते.

पट्टी नेमकी कशाची आहे?

सगळं चकाकतं ते ॲल्युमिनियम नसतं. आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंड किंवा चुंबकाला धरणारं स्टेनलेस आहे. चिकटलं नाही, तर नखाने टिचकी मारून आवाज ऐका. बद्द आवाज आणि हाताला कोमट लागणारा पृष्ठभाग म्हणजे क्रोम चढवलेलं प्लास्टिक. त्याचं प्रायमर वेगळं असतं. काही स्टेनलेस चुंबकाला धरत नाही, पण ते वजनाला जड असतं. ॲल्युमिनियम त्याच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, त्यामुळे पट्टी हातात घेतली की फरक कळतो.

ॲल्युमिनियम आहे हे पक्कं झालं, की त्यावर काय चढवलंय ते बघायचं. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वीज पार गेली की बीप वाजवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही पिना पट्टीवर हलक्या टेकवा. दाबू नका, टोक आत घुसलं तर चाचणी फसते. बीप वाजली तर धातू उघडा आहे. वाजली नाही तर वर ॲनोडायझिंग (कारखान्यात विजेने मुद्दाम वाढवलेला जाड ऑक्साइड), लॅकर (पातळ पारदर्शक रंग) किंवा पावडर कोटिंग आहे. मग कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन मागच्या बाजूला मिनिटभर धरा. लॅकर चिकट होऊन बोळ्याला लागतं, ॲनोडायझिंगला काहीच होत नाही. पावडर कोटिंग डोळ्यांनीच ओळखता येतं: थर जाड असतो आणि टवका उडालेल्या जागी त्याची कड स्पष्ट दिसते.

पावडर कोटिंग घट्ट असेल तर ते काढू नका. कारखान्यात भट्टीत भाजलेला तो थर घरी मारलेल्या कुठल्याही प्रायमरपेक्षा चांगला असतो. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक घालवा, सुटलेल्या जागा कडेपासून उतरत्या घासा आणि फक्त तिथे उघड्या धातूवर प्रायमर लावा. ॲनोडायझिंग शाबूत असेल तर तेही राहू द्या. मात्र ते सीलबंद आणि काचेसारखं कडक असतं, नुसतं पुसून त्यावर रंग धरत नाही. लालसर तपकिरी स्कॉच-ब्राइटने (घासायच्या जाळीदार पॅडने) चमक पूर्ण जाईपर्यंत घासायचं आणि वर इपॉक्सी (हार्डनर मिसळून लावायचा राळेचा) प्रायमर घ्यायचा. एच प्रायमर, म्हणजे ॲसिडने धातूला चावून धरणारा प्रायमर, सीलबंद ॲनोडायझिंगला चावत नाही, तिथे तो पैसे आणि वेळ दोन्ही खातो.

पट्टीवर दुधाळ पांढरे ओघळ असतील आणि ते पॉलिशने जात नसतील, तर ॲनोडायझिंग खाल्लं गेलंय. बहुतेक वेळा हे गाडी धुण्याच्या तीव्र अल्कली लिक्विडचं काम असतं. असा थर ठेवण्यात अर्थ नाही.

ॲनोडायझिंग उतरवायचं असेल तर

सरळ, लहान पट्टी असेल तर १८० नंबरने घासून काढणं सोपं. रेलसारखा गोलाईचा, खोबणींचा भाग असेल तर कॉस्टिक सोडा लागतो, आणि तो जपून वापरायचा. प्लास्टिकच्या लांबट टबात एक लिटर थंड पाण्यामागे ५० ग्रॅम सोडा. आधी पाणी, मग सोडा थोडा थोडा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं. डोळ्यांवर बंद गॉगल, हातात रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. आधी पट्टीवरचे स्क्रू, क्लिपा, स्टिकर सगळं काढा.

पट्टी सोडल्यावर सुरुवातीला फारसं काही दिसत नाही, कारण सोडा अजून वरचा थर खात असतो. खालचा धातू लागला की सगळीकडून बारीक बुडबुडे जोरात सुटू लागतात. हा हायड्रोजन. त्यामुळे काम उघड्यावर करा आणि जवळपास बिडी, गॅस, ग्राइंडर काहीही नको. बुडबुडे सगळीकडे सारखे झाले की पट्टी लगेच बाहेर काढा. पाणी गार असताना याला काही मिनिटं लागतात, द्रावण तापलं की वेग झपाट्याने वाढतो. विसरून चहाला गेलात तर पट्टीच्या कडा कागदासारख्या पातळ होतात. ओतीव भागांच्या बाबतीत तर खास लक्ष ठेवा.

बाहेर काढलेली पट्टी काळपट दिसते. मिश्रधातूतला तांबं-सिलिकॉनसारखा भाग सोड्यात विरघळत नाही, तो काजळीसारखा वर राहतो. नळाखाली नायलॉनच्या ब्रशने ही काजळी पूर्ण निघेपर्यंत घासा, मग एक लिटर पाण्यात पाव वाटी व्हिनेगर घालून त्याने पुसा, म्हणजे खोबणीत राहिलेला सोडा मरतो. पुन्हा भरपूर साधं पाणी. खोबणीत सोडा राहिला तर तो महिन्याभराने प्रायमरखालून फोड होऊन वर येतो.

खोलायचं की गाडीवरच करायचं?

खिडकीखालच्या पट्ट्या खोलूनच करा. गाडीवर ठेवून केल्या तर रबराखाली लपलेली कड राहून जाते आणि पोपडा तिथूनच सुरू होतो. क्लिपा जुन्या असतील तर निम्म्या तुटणार हे धरून चाला आणि नव्या आधी आणून ठेवा. धातूचा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, ट्रिम काढायचं प्लास्टिकचं हत्यार वापरा. ॲल्युमिनियमची लांब पट्टी एकदा वाकली की कधीच पूर्ण सरळ होत नाही.

रूफ रेलचं वेगळं आहे. अनेक गाड्यांत तिचे नट आतून, छताच्या कापडामागे असतात, आणि पडदा एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उतरणारी) असलेल्या गाडीत त्याच कडेने एअरबॅग गेलेली असते. अशा गाडीत आतला भाग स्वतः उघडू नका. रेल सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्या किंवा छत झाकून जागेवरच रंगवा. जागेवर करायचं असेल तर रेलखालच्या रबराच्या ओठाखाली (बाहेरच्या कडेखाली) प्लास्टिकची दोरी सरकवा, ओठ उचलला जातो आणि टेपची रेघ रबराच्या आत लपते. गाडीचं उरलेलं अंग प्लास्टिकने पूर्ण झाका. प्रायमरची धूळ दोन मीटरवरच्या काचेवरही जाऊन बसते.

सामान किती लागेल

दोन रेल आणि चार पट्ट्या मिळून जेमतेम अर्धा चौरस मीटर रंगकाम होतं: दीड मीटरची रेल, घेर दहा सेंटीमीटर, म्हणजे दोन्हींचे ०.३ चौरस मीटर, आणि मीटरभर लांबीच्या चार पट्ट्यांचे आणखी ०.१ च्या वर. हवेत उडणारा माल धरूनही ४०० मिलीचा एक एच प्रायमरचा कॅन आणि दोन फिलर प्रायमरचे (बारीक ओरखडे भरणाऱ्या जाड प्रायमरचे) कॅन पुरतात. गनने इपॉक्सी मारायचा असेल तर तयार मिश्रण २०० ते २५० मिली बनवा, जास्त नको, उरलेलं फेकावंच लागतं. पॉलिश पेपर १८०, २४०, ३२० आणि नंतरच्या कामाला ४०० व ६०० नंबरचा, प्रत्येकी दोन-तीन. लालसर तपकिरी आणि करडं स्कॉच-ब्राइट, वॅक्स-ग्रीस रिमूव्हर अर्धा लिटर, धागे न सुटणारी कापडं, नायट्राइल हातमोजे, चांगली मास्किंग टेप.

स्टील वूल आणि लोखंडी तारेचा ब्रश या कामातून बाहेर ठेवा. त्यांचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्या पावसात प्रायमरमधून तांबूस ठिपके वर येतात. लोखंडी पत्र्यावर वापरलेला पॉलिश पेपरही याच कारणाने नको. आणि ॲल्युमिनियमची सुकी पूड ग्राइंडरच्या गंजाच्या धुळीत झाडून ठेवू नका, त्या दोघांचं मिश्रण ठिणगी लागली तर भयंकर पेटतं.

आधी तेल, मग घासणी

घाईत सगळे उलटं करतात. पट्टीवर मेणाचं पॉलिश, डॅशबोर्ड-टायरला मारलेल्या सिलिकॉनचे थेंब आणि हाताचं तेल असतं. ते न काढता घासलं तर पेपर ते सगळं चरांमध्ये दाबून भरतो. म्हणून पहिल्यांदा भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुणं, वाळवणं, मग ग्रीस रिमूव्हर. त्यालाही दोन कापडं: एकाने ओलं करून पुसायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलायचं. रिमूव्हर जागेवर वाळू दिला तर विरघळलेलं तेल पुन्हा तिथेच बसतं, फक्त पसरून.

आता १८० नंबर फक्त जिथे खड्डे आहेत तिथे. समुद्राजवळच्या गाड्यांवर, अलिबाग-रत्नागिरीपासून पणजीपर्यंत, पट्टीच्या खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसतात. ठिपक्यावरची पूड निघाली म्हणजे काम झालं असं नाही. भिंग लावून बघा: खड्ड्याच्या तळाशी काळा ठिपका असेल तर आत मीठ आणि सडका धातू शिल्लक आहे. बांबूच्या काडीचं टोक तासून त्याभोवती पेपर गुंडाळा आणि तळ चकाकेपर्यंत फिरवा. असे राहिलेले क्षारच पुढे रंगाखाली केसासारख्या नागमोडी रेघा काढत सुटतात. दमट, खारट हवेत एकदा सुरू झालेली ती रेघ रंग काढल्याशिवाय थांबत नाही.

मग पूर्ण पट्टी २४०ने आणि शेवटी ३२०ने. ४००च्या पुढे जाऊ नका, गुळगुळीत धातूवर प्रायमरला धरायला काही उरत नाही. पट्टीच्या कापलेल्या धारेवर पेपरचे दोन-तीन हात जास्त मारून ती किंचित गोल करा. ओला रंग टोकदार धारेवरून मागे सरकतो आणि तिथे थर निम्म्यानेही राहत नाही. स्क्रूच्या भोकांच्या कडा आणि पट्टीची मागे वळलेली किनार विसरू नका.

यानंतर पाण्याची परीक्षा. पट्टी तिरकी धरून त्यावर स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं, कुठेही फाटलं नाही, तर पट्टी स्वच्छ आहे. मध्येच पडदा दुभंगून थेंब गोळा झाले तर तिथे तेल आहे. बोटाचा एक ठसासुद्धा पाण्यात स्पष्ट दिसतो. त्या जागी परत रिमूव्हर, परत पाणी. परीक्षा पास झाली की पट्टी पूर्ण वाळवा, हेअर ड्रायरने खोबणी कोरड्या करा, नवे हातमोजे घाला, ३२०चा एक कोरडा हात फिरवा, रिमूव्हरने शेवटचं पुसा. इथून तास मोजायचा.

अस्तर कोणतं

दोन रस्ते आहेत, आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत.

पहिला रस्ता: एच प्रायमर, वर टू-के (हार्डनर मिसळायचा, दोन भागांचा) फिलर. एच प्रायमरमधलं फॉस्फोरिक ॲसिड उघड्या धातूला चावतं. त्याचा थर फक्त ८ ते १० मायक्रॉनचा हवा. म्हणजे कसा दिसायला हवा? प्रायमर मारल्यावरही खालचा धातू धुरकट काचेतून दिसावा तसा थोडा दिसत राहतो. पूर्ण झाकला गेला तर थर जाड झाला. जाड थरात ॲसिड अडकून राहतं आणि पुढे तोच थर आतून दुभंगतो. कॅन दोन मिनिटं हलवा, २० ते २५ सेंटीमीटरवरून एक पातळ हात, पाच-सात मिनिटांनी दुसरा, बस्स. वीस-तीस मिनिटांनी टू-के फिलर, आणि त्याच दिवशी. एच प्रायमर एकटाच ठेवून रात्र काढू नका, तो हवेतला ओलावा ओढतो.

दुसरा रस्ता: थेट इपॉक्सी. समुद्राजवळच्या गाडीसाठी किंवा ॲनोडायझिंग ठेवलेलं असेल तर हाच घ्या. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच: काहींचं एकास एक, काहींचं चारास एक, आणि अंदाज इथे माफ होत नाही. मापाचा कप वापरा. बहुतेक इपॉक्सी मिसळल्यावर पंधरा-तीस मिनिटं मुरू द्यावे लागतात. गनची टिप १.४ ते १.६ मिमी, अंतर १५ ते २० सेंटीमीटर. पहिला हात धुक्यासारखा, पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा भरलेला, एकूण ४० ते ५० मायक्रॉन. डब्यावर दिलेल्या मुदतीच्या आत पुढचा थर न चढवल्यास पुन्हा ३२०ने घासणं आलं.

ॲसिडच्या एच प्रायमरवर इपॉक्सी मारू नका, ॲसिड इपॉक्सीच्या हार्डनरला मारतं आणि थर कायम मऊ राहतो. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात तसं चालतं असं स्पष्ट लिहिलं असेल तरच अपवाद. पॉलिएस्टर पुट्टीही एच प्रायमरवर नको. खड्डे भरायचे असतील तर इपॉक्सी वाळवून, घासून, त्यावर पुट्टी, आणि पुट्टीवर परत प्रायमर.

टू-के फिलरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. नाकाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क काहीही अडवत नाही. सेंद्रिय वाफांची काडतुसं असलेला नीट बसणारा मास्क हे किमान, आणि बंद खोलीत फवारायचंच असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क. जुनं पिवळट-हिरवं प्रायमर दिसलं तर ते क्रोमेटचं, म्हणजे विषारी, असू शकतं; ते कोरडं घासू नका, ओलं घासा.

पाऊस आणि दमट हवा

जून ते सप्टेंबर हे काम कोकणात आणि मुंबईत टाळता आलं तर बरं. टाळता येत नसेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव बनतं तो आकडा, बघा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या जवळ असतो, आणि धातू त्याच्यापेक्षा किमान तीन अंश गरम हवा. म्हणजे पट्टी ३० अंशांच्या खाली असेल तर थांबा. एसी खोलीत ठेवलेली पट्टी बाहेर आणून लगेच फवारली की डोळ्यांना न दिसणारं पाणी तिच्यावर आधीच बसलेलं असतं. सकाळी अकरा ते दुपारी चार हीच वेळ. स्वस्त थिनरने घाईत वाळणारा माल दमट हवेत पांढरट पडतो, तेव्हा डब्यावर सांगितलेला उशिरा उडणारा थिनरच घ्या.

वाळल्यानंतरचा धोका

आता सर्वांत जास्त फसवणारी पायरी. फिलर वाळला, ४००ने आणि मग ६००ने घासायला घेतलं, आणि धारेवर कुठेतरी अर्धा सेंटीमीटर चांदीसारखी रेघ उघडी पडली. "एवढ्याशाने काय होतंय" म्हणून थेट बेस कोट (वरच्या रंगाचा थर) मारला जातो, आणि सहा महिन्यांनी पोपडा बरोबर त्याच रेघेवरून उठतो. बेस कोट उघड्या ॲल्युमिनियमला धरत नाही. एक नखभर जागा असली तरी तिथे पुन्हा पुसून, ज्या रस्त्याने सुरुवात केली त्याच प्रायमरचा पातळ हात मारा. धारा शेवटी, फक्त करड्या स्कॉच-ब्राइटने घासल्या तर ही वेळच येत नाही.

माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे आले तर सिलिकॉन राहिलं होतं. वर आणखी माल ओतून ते बुजत नाहीत. वाळू द्या, घासा, पुसा, परत मारा. टाचणीने टोचल्यासारखी भोकं म्हणजे दोन हातांमध्ये थिनर उडायला वेळ मिळाला नाही. सुरकुत्या पडल्या तर खाली जुना इनॅमल राहिला होता, तो पूर्ण काढण्याला पर्याय नाही.

खात्री करायची असेल तर प्रायमर पूर्ण कडक झाल्यावर, सहसा आठवड्याने, पट्टीच्या मागच्या बाजूला ब्लेडने दोन-दोन मिमी अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा धातूपर्यंत मारा. त्यावर टेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. पंचवीस चौकोनांपैकी एखाद्याची कड उडाली तर चालेल, अख्खे चौकोन टेपवर आले तर वरचा रंग मारण्यात पैसे घालवू नका.

परत बसवताना स्टेनलेसचे स्क्रू आणि प्रत्येकाखाली नायलॉनचा वॉशर. स्क्रू साधा लोखंडी असो की स्टेनलेसचा, तो आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारट पाणी गेलं की ॲल्युमिनियमच आधी खाल्लं जातं. भोकाच्या आतल्या कडेला प्रायमरचा ब्रश फिरवून घ्या. मीटरभर पट्टी ४० अंशांच्या फरकात जवळजवळ एक मिमी लांबते, तेव्हा टोकांच्या क्लिपा खोबणीत सरकू शकतील एवढी मोकळीक ठेवा, नाहीतर कोपऱ्यावरचा रंग तडकतो. रेल काढली असेल तर गॅस्केट नवं घाला आणि बसवून झाल्यावर दहा मिनिटं होजने पाणी मारा. मग आत बसून बोल्टाच्या खालचं छताचं कापड बोटांनी चाचपा. ओलं लागलं तर बोल्ट सैल करून गॅस्केट पुन्हा बसवा.